पात्रता आणि दया : कॅथलिक परंपरेतील ख्रिस्तप्रसादाची भक्ती

पवित्र मिस्सा हा कॅथलिक ख्रिस्ती धर्मजीवनातील केंद्रवर्ती उपासनाविधी असून त्यात यज्ञार्पण, स्मरण आणि सहभोजन या तीन गोष्टी एकत्र आलेल्या आहेत. गव्हाच्या पिठात केवळ पाणी घालून भाजलेली बेखमीर भाकरीची पातळ चकती, जिला होस्ट म्हणतात, आणि निर्भेळ द्राक्षारस ही या विधीची सामग्री होय. क्रूसावरील मृत्यूच्या आदल्या रात्री शिष्यांसोबत केलेल्या शेवटच्या भोजनात येशूने भाकर मोडताना आणि प्याला देताना जे शब्द उच्चारले, तेच शब्द धर्मगुरू वेदीवर उच्चारतात आणि त्यांसरशी भाकर ख्रिस्ताचे शरीर व द्राक्षारस ख्रिस्ताचे रक्त होतो, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. रंग, चव, वजन ही बाह्य लक्षणे जशीच्या तशी राहतात, मात्र वस्तूचे मूळ तत्त्व पालटते, या सिद्धान्ताला तत्त्वांतर असे म्हणता येईल. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने ही परिभाषा वापरली आणि प्रॉटेस्टंट सुधारणेचे आव्हान उभे राहिल्यावर १५५१ मध्ये ट्रेंट येथील धर्मपरिषदेने ती अधिक काटेकोरपणे मांडली. नैवेद्य दाखवल्यानंतर वाटल्या जाणाऱ्या प्रसादाशी याचे वरकरणी साम्य असले, तरी तेथे अन्नाला देवाच्या कृपेचा स्पर्श होतो, तर येथे अन्नाच्या रूपाने देव स्वतःलाच देतो, असे कॅथलिक मानतात. हाच ख्रिस्तप्रसाद, आणि तो ग्रहण करणे म्हणजे कम्युनियन.

या श्रद्धेच्या पोटातच एक पेच आहे. देव खरोखर तळहातावर येत असेल, तर त्याला स्वीकारण्याची योग्यता कोणा माणसात असणार? या प्रश्नाचे गांभीर्य जितके तीव्रतेने जाणवले, तितके सामान्य भाविक प्रसादापासून दूर राहू लागले. उलट, ज्यांना याच प्रसादात देवाचे प्रेम प्रकर्षाने दिसले त्यांनी त्या भाविकांना पुन्हा वेदीजवळ आणण्याचा यत्न केला. आदर आणि जवळीक यांच्यातील हा ताण कॅथलिक इतिहासात वारंवार उफाळून आला आहे, आणि येशूचे पवित्र हृदय किंवा दैवी दया यांसारख्या लोकप्रिय भक्तिपंथांचा उगम व प्रसार त्याच्या प्रकाशात पाहिल्यास त्यांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

सहभोजनाकडून दर्शनाकडे

पहिल्या शतकांतील ख्रिस्ती समाजात हा विधी प्रामुख्याने एकत्र जेवणाचाच होता. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या मध्यास रोममध्ये लिहिणाऱ्या जस्टिन या धर्मवीराने रविवारच्या सभेचे वर्णन केले आहे, त्यानुसार शास्त्रवाचन, प्रवचन आणि उपकारस्तुती झाल्यावर उपस्थित सर्वजण भाकर व द्राक्षारस घेत, गैरहजर असलेल्यांसाठी सेवक त्यांचा वाटा घरी पोहोचवीत, आणि सभेत जमा झालेला निधी अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परदेशातून आलेले पाहुणे यांच्यासाठी वापरला जाई. त्याआधी अंत्युखियाचे बिशप इग्नेशियस यांनी या भाकरीला अमरत्वाचे औषध मानले होते. म्हणजे ती निरोग्यांपेक्षा रोग्यांसाठी आहे, ही जाणीव अगदी प्रारंभापासून होती.

पुढील हजार वर्षांत मात्र चित्र पालटले. उपासनेची लॅटिन भाषा सामान्यांना कळेनाशी झाली, वेदी आणि जनसमुदाय यांच्यात अंतर पडले, प्रसादाआधीचे उपवास व प्रायश्चित्ताचे नियम कडक झाले, आणि अयोग्य अवस्थेत प्रसाद घेतल्यास दंड ओढवतो या पौलाच्या इशाऱ्याचे भय मनांत घर करून बसले. प्रत्येक प्रौढाने वर्षातून निदान एकदा, पुनरुत्थान सणाच्या काळात, प्रसाद घेतलाच पाहिजे असा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेला करावा लागला, यावरून सामान्य भाविक वेदीपासून किती दुरावले होते याची कल्पना येते. साधारण याच सुमारास, इसवी सन १२०० च्या आसपास, पॅरिसमध्ये धर्मगुरूने मंत्रोच्चारानंतर होस्ट डोक्यावर उंच धरण्याची प्रथा रूढ झाली आणि लवकरच ती सर्वत्र पसरली. प्रसाद खाण्याची जागा आता प्रसाद पाहण्याने घेतली.

दर्शनाची ही ओढ केवळ अज्ञानातून आलेली होती, असे म्हणता येणार नाही, कारण तिच्या मुळाशी प्रेमाची भूक होती. आजच्या बेल्जियममधील लिएज येथील ज्युलियाना या धर्मभगिनीने ख्रिस्तशरीराच्या सन्मानार्थ स्वतंत्र सण असावा असा आग्रह धरला आणि १२४६ मध्ये तेथील बिशपांनी आपल्या धर्मप्रांतापुरता तो सुरू केला. त्या वेळी लिएजच्या धर्मप्रांतात अधिकारपदावर असलेले जाक पांतालेओं पुढे अर्बन चौथे या नावाने पोप झाले आणि ११ ऑगस्ट १२६४ रोजी त्यांनी हा सण संपूर्ण ख्रिस्तसभेसाठी जाहीर केला. त्याच्या उपासनेसाठी थॉमस अक्वायनस यांनी रचलेली मानली जाणारी लॅटिन स्तोत्रे आजही गायिली जातात, आणि ज्या तत्त्वज्ञाने तत्त्वांतराची बारकाईने मीमांसा केली त्याच्याच नावावर ही भावगर्भ कवने असावीत, हे लक्षणीय आहे. अर्बन यांच्या मृत्यूमुळे सणाचा प्रसार काही काळ रेंगाळला, पण चौदाव्या शतकात तो युरोपभर रुजला आणि त्याबरोबर ख्रिस्तप्रसादाच्या मिरवणुका सुरू झाल्या.

या काळात विकसित झालेला आराधनाविधी आजही बहुतांश त्याच स्वरूपात होतो. मिस्सेत अर्पण केलेली मोठी होस्ट मॉन्स्ट्रन्स नावाच्या, सूर्यकिरणांसारखे धातूचे आरे असलेल्या पात्रात मधोमध काचेआड ठेवली जाते, भाविक तिच्यासमोर गुडघे टेकून शांतपणे बसतात, धूप जाळला जातो, आणि शेवटी धर्मगुरू ते पात्र उचलून क्रूसाची खूण करीत समुदायाला आशीर्वाद देतात. हे पात्र उचलण्याआधी ते खांद्यावर एक लांब शेला घेतात आणि त्याच्या टोकांनी आपले दोन्ही हात झाकून मगच पात्राला स्पर्श करतात. आशीर्वाद धर्मगुरूचा नसून स्वतः ख्रिस्ताचा आहे, हे दर्शवण्यासाठी माणसाचे हात येथे जाणीवपूर्वक दृष्टीआड केले जातात. सोळाव्या शतकात मिलान शहरात सलग चाळीस तासांची आराधना सुरू झाली, आणि पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवरील पवित्र हृदयाच्या मंदिरात १८८५ पासून दिवसरात्र आराधना चालू आहे.

पवित्र हृदय : भयावरील उतारा

सतराव्या शतकातील फ्रान्समध्ये आदराचे रूपांतर पुन्हा एकदा भयात झाले. ईप्रचे बिशप कॉर्नेलियस यान्सेन यांच्या विचारांतून उगम पावलेल्या यान्सेनवाद नावाच्या प्रवाहाने मानवी स्वभावाच्या भ्रष्टतेवर आणि कृपेच्या दुर्मीळतेवर इतका भर दिला की, त्याच्या अनुयायांना वारंवार प्रसाद घेणे हे धाडस वाटू लागले. या पंथाचे अग्रणी आंत्वान आर्नो यांनी १६४३ मध्ये वारंवार घेतल्या जाणाऱ्या कम्युनियनविषयी लिहिलेल्या ग्रंथात पूर्ण पश्चात्ताप व शुद्धी झाल्याशिवाय वेदीजवळ जाऊ नये असे प्रतिपादन केले, आणि त्याचा प्रभाव फ्रान्सच्या धर्मजीवनावर दीर्घकाळ टिकला.

याच वातावरणात बरगंडी प्रांतातील पारे-ल-मोनियाल या लहान गावी, व्हिजिटेशन संघाच्या मठात मार्गारेट मेरी आलाकोक या धर्मभगिनीला १६७३ ते १६७५ या काळात दर्शने झाली, असे तिने नोंदवले आहे. २७ डिसेंबर १६७३ रोजी ती ख्रिस्तप्रसादासमोर प्रार्थनेत असताना येशूने तिला आपले हृदय दाखवले; ज्वालांनी वेढलेले, काट्यांच्या मुकुटाने जखडलेले आणि वर क्रूस असलेले हे हृदय पुढे घरोघरच्या तसबिरींचा विषय बनले. जून १६७५ मध्ये, ख्रिस्तशरीराच्या सणाच्या अष्टकात, म्हणजे सणानंतरच्या आठ दिवसांत, तिला झालेल्या दर्शनाचा आशय असा होता की, ज्या प्रेमाने मनुष्यासाठी काहीही राखून ठेवले नाही त्याला या प्रेमाच्या संस्कारातच सर्वाधिक थंडपणा व अवहेलना सोसावी लागते, आणि म्हणून अष्टकानंतरच्या शुक्रवारी या हृदयाचा सण साजरा व्हावा. म्हणजेच पवित्र हृदयाची भक्ती प्रथमपासून ख्रिस्तप्रसादाशी जोडलेली होती, आणि तिने सांगितलेले दोन्ही आचार, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी प्रसाद घेणे आणि गुरुवारी रात्री अकरा ते बारा या वेळेत येशूच्या गेथशेमाने बागेतील एकाकी वेदनेत सहभागी होणे, हे प्रसादाशी किंवा त्याच्या स्थापनेच्या रात्रीशी निगडित आहेत.

मठातील अनेकांना या दर्शनांविषयी शंका होती, पण तिचे आध्यात्मिक मार्गदर्शक असलेले येशूसंघीय धर्मगुरू क्लोद ला कोलोंबिएर यांनी तिच्यावर विश्वास ठेवला. रोमचे अधिकारी मात्र सावध होते. एका शारीरिक अवयवाची पूजा होते आहे असा समज पसरेल, या भीतीने त्यांनी सणाची मागणी आरंभी फेटाळली. १७६५ मध्ये पोलंडसह मोजक्या ठिकाणी परवानगी मिळाली, १८५६ मध्ये पोप पायस नववे यांनी सण सर्व ख्रिस्तसभेला लागू केला, १८९९ मध्ये लिओ तेरावे यांनी सर्व मानवजात या हृदयाला समर्पित केली, आणि १९२० मध्ये मार्गारेट मेरी यांना संतपद मिळाले. हृदय हे येथे संपूर्ण व्यक्तीच्या प्रेमाचे प्रतीक आहे, हे तत्त्व १९५६ मध्ये पायस बारावे यांनी आणि २४ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रसिद्ध झालेल्या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी सविस्तर मांडले.

तथापि या भक्तीतही एक एकांगीपणा शिरला. येशूच्या दुखावलेल्या प्रेमाची भरपाई करण्यावर कधीकधी इतका भर पडला की, भाविकाचे लक्ष दयेपेक्षा स्वतःच्या अपराधाकडे आणि स्वतः केलेल्या त्यागांच्या हिशेबाकडे वळू लागले. शिवाय प्रेमाची भाषा लोकप्रिय होऊनही प्रत्यक्ष प्रसादग्रहण विरळच राहिले होते. ही कोंडी खऱ्या अर्थाने फुटली ती पोप पायस दहावे यांच्या दोन आदेशांनी. २० डिसेंबर १९०५ च्या आदेशात त्यांनी महापापाच्या अवस्थेत नसलेल्या आणि शुद्ध हेतू असलेल्या प्रत्येकाला रोज प्रसाद घेता येईल असे जाहीर केले, आणि प्रसाद हे सद्गुणांचे पारितोषिक नसून दुबळेपणावर मात करण्याचे साधन आहे हे स्पष्ट केले. ८ ऑगस्ट १९१० च्या आदेशाने साधारण सात वर्षांच्या, सामान्य भाकर व ख्रिस्तप्रसाद यांतील फरक जाणणाऱ्या मुलांनाही वेदी खुली झाली. यान्सेनवाद्यांच्या युक्तिवादाला मिळालेले हे अधिकृत उत्तर होते.

दैवी दया : फाउस्तिनाची दैनंदिनी

विसाव्या शतकातील दैवी दयेच्या भक्तीने हाच धागा पुढे नेला. २५ ऑगस्ट १९०५ रोजी पोलंडमधील ग्वोगोविएत्स या खेड्यात एका गरीब शेतकरी कुटुंबात जन्मलेली हेलेना कोवाल्स्का जुजबी शाळा शिकून मोलकरणीचे काम करीत होती. १९२५ मध्ये ती वॉर्सा येथील मठात दाखल झाली आणि फाउस्तिना हे नाव घेऊन स्वयंपाकघर, बाग व दरवाजा सांभाळू लागली. तिच्या पूर्ण व्रतनामात परमपवित्र संस्काराचा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाचा, उल्लेख आहे आणि तिच्या दैनंदिनीतील अनेक अनुभव मिस्सेत किंवा प्रसाद घेतल्यानंतर आलेले आहेत. २२ फेब्रुवारी १९३१ रोजी प्वोत्स्क येथील मठात तिला शुभ्र वस्त्रातील येशू दिसला. त्याच्या छातीपासून एक लाल आणि एक फिकट असे दोन किरण बाहेर पडत होते. योहानाच्या शुभवर्तमानानुसार क्रूसावरील येशूच्या कुशीत सैनिकाने भाला खुपसला तेव्हा रक्त आणि पाणी बाहेर आले, आणि प्राचीन धर्मपित्यांनी त्यांत ख्रिस्तप्रसाद व स्नानसंस्कार यांचा संकेत पाहिला. फाउस्तिनाच्या दर्शनातील किरण याच परंपरेतील आहेत.

तिचे मार्गदर्शक धर्मगुरू मिखाउ सोपोच्को यांच्या पुढाकाराने १९३४ मध्ये विल्नियस येथे चित्रकार एउगेनिउश काझिमिरोव्स्की यांनी हे दृश्य रंगवले. पुढच्या वर्षी तिने लिहून ठेवलेली दयेची जपमाळ नेहमीच्या रोझरीच्या मण्यांवरच म्हटली जाते, पण तिचा आशय मिस्सेचा आहे: ख्रिस्ताचे शरीर, रक्त, आत्मा व देवत्व पित्याला अर्पण करून सर्व जगासाठी दया मागणे. वेदीवर धर्मगुरू जे अर्पण करतात त्याचा प्रतिध्वनी घरात, रुग्णालयात किंवा मरणासन्न माणसाच्या उशाशी उमटावा, अशी तिची योजना आहे.

५ ऑक्टोबर १९३८ रोजी क्रॅकोजवळील वागिएवनिकी येथील मठात, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, क्षयाने तिचा मृत्यू झाला. युद्धकाळात ही भक्ती वेगाने पसरली, परंतु सदोष भाषांतरे रोममध्ये पोहोचल्याने १९५९ मध्ये तिच्या लेखनाच्या व चित्राच्या प्रसारावर बंदी घालण्यात आली. क्रॅकोचे आर्चबिशप कारोल वोयतिवा यांच्या प्रयत्नांनंतर १५ एप्रिल १९७८ रोजी बंदी उठली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वोयतिवा स्वतः जॉन पॉल दुसरे या नावाने पोप झाले. ३० एप्रिल २००० रोजी त्यांनी फाउस्तिनाला संत घोषित केले आणि पुनरुत्थान सणानंतरचा रविवार दैवी दयेचा रविवार म्हणून पाळला जाऊ लागला. या दिवसाच्या पालनात प्रायश्चित्त संस्कार आणि कम्युनियन यांना मध्यवर्ती स्थान आहे.

अशा दर्शनांचे धर्मशास्त्रीय स्थान मर्यादित आहे, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. येशू व प्रेषित यांच्यापाशी सार्वजनिक प्रकटीकरण पूर्ण झाले असे ख्रिस्तसभा मानते. त्यानंतरची दर्शने ही खासगी प्रकटीकरणे असून ती मान्य झाली तरी त्यांत नवी शिकवण नसते आणि ती मानणे कोणत्याही कॅथलिकावर बंधनकारक नसते.

मिस्सेतच असलेली दया

या भक्तिपंथांनी जे ठळक केले ते मिस्सेच्या रचनेत आधीच होते. विधीचा प्रारंभ पापकबुलीने आणि दयेच्या याचनेने होतो. अर्पणाच्या वेळी धर्मगुरू द्राक्षारसात पाण्याचे एक-दोन थेंब घालतात. ते थेंब पुन्हा वेगळे काढता येत नाहीत, तसेच माणसाचे माणूसपण ख्रिस्ताच्या देवत्वाशी जोडले जावे, अशी प्रार्थना त्या वेळी केली जाते. प्रसाद वाटण्यापूर्वी होस्ट मोडली जाते, कारण एकच भाकर अनेकांत वाटली जायची असते. आणि अगदी शेवटी, वेदीकडे जाण्याआधी, संपूर्ण समुदाय मत्तयाच्या शुभवर्तमानातील रोमी शताधिपतीच्या शब्दांचा आधार घेऊन आपण योग्य नाही असे कबूल करतो, बरे करणाऱ्या एका शब्दाची विनंती करतो, आणि लगेच प्रसाद घ्यायला पुढे जातो. अपात्रतेची कबुली आणि प्रत्यक्ष ग्रहण यांच्यात येथे क्षणाचेही अंतर ठेवलेले नाही, आणि हीच या विधीची पेचावरील भूमिका आहे.

प्रश्न अर्थात पूर्णपणे मिटलेला नाही. गंभीर पापाची जाणीव असलेल्याने आधी प्रायश्चित्त संस्कार घ्यावा, हा नियम आजही कायम आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये ख्रिस्तप्रसादाला दुर्बलांचे औषध म्हटले आणि २०१६ मध्ये घटस्फोटानंतर पुनर्विवाह केलेल्यांच्या प्रश्नाचा परिस्थितीनुसार विचार करण्याची वाट मोकळी केली, तेव्हा कार्डिनलांमध्येही तीव्र मतभेद झाले. शिस्त सैल झाली तर प्रसादाचे मोल उरणार नाही, असे एका पक्षाला वाटते, तर दयेच्या संस्कारालाच कुंपण घातल्यास दयेला अर्थ राहत नाही, असे दुसऱ्याला वाटते. तेराव्या आणि सतराव्या शतकांतील ताणाचेच हे आजचे रूप आहे.

भारताच्या संदर्भात या परंपरेतील एक ठळक घटना मुंबईत घडली. १८८१ मध्ये फ्रान्समधील लील येथून सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय ख्रिस्तप्रसाद परिषदांच्या मालिकेतील अडतिसावी परिषद नोव्हेंबर-डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईच्या ओव्हल मैदानावर भरली, आणि तिच्यासाठी आलेले पॉल सहावे हे भारतभूमीवर पाऊल ठेवणारे पहिले पोप ठरले. वापरण्यासाठी मिळालेली मोटार त्यांनी जाताना मदर तेरेसा यांना देऊन टाकली व तिच्या सोडतीतून आलेला पैसा त्यांच्या सेवाकार्याकडे वळला. त्याच दशकात दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने लोकभाषांना वेदीवर स्थान दिले आणि वसईच्या धर्मग्रामांत लॅटिनच्या जागी मराठी मिस्सा रूढ झाली. आपण काय ऐकतो आणि कशाला होकार देतो हे आपल्याच भाषेत कळू लागल्यावर भाविक आणि वेदी यांच्यातील एक जुने अंतर नाहीसे झाले.

मदर तेरेसा यांच्या संघातील भगिनी रोज मिस्सेत सहभागी होतात, ख्रिस्तप्रसादासमोर आराधना करतात आणि मग रस्त्यावरच्या मरणासन्नांकडे जातात. या दोन गोष्टी त्यांच्या लेखी वेगळ्या नाहीत. हा विचार मुळापासूनचा आहे. ख्रिस्तप्रसादाविषयीचा सर्वांत जुना उपलब्ध मजकूर करिंथकरांस पौलाने लिहिलेल्या पत्रात सापडतो, आणि ते पत्र लिहिण्याचे एक कारणच असे होते की, त्या मंडळीतील सधन लोक प्रभुभोजनाला आधी पोटभर जेवत होते आणि गरीब उपाशी राहत होते. अयोग्यपणे प्रसाद घेण्याविषयीचा ज्याचा धाक पुढे शतकानुशतके घातला गेला तो इशारा पौलाने या संदर्भात दिला होता. चौथ्या शतकात योहान क्रिसोस्तोम यांनीही बजावले की, मंदिरातील ख्रिस्तशरीराला रेशमी वस्त्रे चढवून बाहेर थंडीने कुडकुडणाऱ्या ख्रिस्ताकडे पाठ फिरवणे व्यर्थ आहे. म्हणून पवित्र हृदयाची तसबीर, दयेची जपमाळ किंवा तासन् तास चाललेली आराधना यांचे मोल त्यांच्या भावनिक उत्कटतेवरून ठरत नाही. ज्या भक्तीमुळे माणूस न भिता वेदीपाशी येतो आणि तेथून निघाल्यावर भुकेल्याला आपल्या ताटातले देतो, तीच भक्ती या संस्काराच्या मूळ हेतूशी प्रामाणिक ठरते.